रद्द न होणारं तिकीट

"तिकीट निघालं!" असं ओरडत विष्णु कर्णिक आतल्या खोलीतून बाहेर आले आणि मालतीबाईंच्या हातातलं उलथनं हातातच राहिलं. तव्यावरचं धिरडं करपलं. करपू दे मेलं. एक नाही, दोन तिकिटं निघाली होती. मुंबई ते हनोई. आणि त्यातलं एक चक्क त्यांच्या नावाचं होतं.

"कधीचं?"

"तीन ऑक्टोबर. सेल लागला होता, टाकलं बटण दाबून! दिवाळीच्या सुट्टीत जाणारे मूर्ख दुप्पट पैसे भरतात. आपण त्याआधीच जाऊन यायचं. गणपती झालेले असतात, नवरात्र संपलेलं असतं. अगदी मोकळं रान."

मालतीबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली. दोनच्या आकड्याखाली दसरा होता. तीनच्या आकड्याखाली बारीक अक्षरात एकादशी. त्यांनी पानं पुन्हा खाली सोडली, गॅस बंद केला आणि करपलेलं धिरडं खरवडायला घेतलं. 

आता हे विष्णु कर्णिकांसारख्या पेणकरांना सांगून कळायचं नाही. पेणकरांचं वर्ष गणपतीला सुरू होतं आणि गणपतीलाच संपतं. गणपतीच्या मूर्ती गेल्या, त्यांचे कारखाने झाडून घेतले, की पुढचे सण यांच्या लेखी नुसत्या लाल तारखा. पण रोह्यात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते. पहाटे देवळापुढे पोलीस बंदुका घेऊन देवाला सलामी देतात आणि मग पालखी अख्ख्या गावात दारोदार फिरते, दिवसभर आणि रात्रभर. कुणाच्या दारात ती कधी येईल याचा नेम नाही. येईल तेव्हा दारात रांगोळी हवी, ताटात निरांजन हवं आणि घरचं माणूस जागं हवं. रोहेकर मुंबईत असो नाहीतर मस्कतमध्ये, त्या दिवशी गावात पोचायला जिवाचं रान करतो. आणि रोह्याच्या जावयाने विमान पकडायला नेमका तोच दिवस निवडला! असलं काम करायला जावई पेणचाच लागतो.

मालतीबाई माहेरच्या एकुलत्या एक. आई गेल्यापासून पालखीला ओवाळायचं काम त्यांच्याकडेच आलं होतं. घरी आता एकटे दाजी होते. दाजी म्हणजे मालतीबाईंचे वडील. सगळं रोहं त्यांना दाजीच म्हणे, म्हणून लेकसुद्धा दाजीच म्हणायची. वय नव्वदीला टेकलेलं, कान तीक्ष्ण, गुडघे मात्र कामातून गेलेले. दसऱ्याला सोनं देऊन झालं की ते लेकीला दरवर्षी एकच प्रश्न विचारत. "उद्या आहेस ना?" जणू ती कुठे जाणारच होती.

कारण घर, माहेर आणि नोकरीची बालवाडी यापलीकडे मालतीबाई कुठेच गेलेल्या नव्हत्या. जायचे ते सर. विष्णु कर्णिक हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आणि परदेशी जाऊन आलेले फक्त दोनदा, पण सल्ला ऐकाल तर वाटावं की हा माणूस सिंगापुरातच लहानाचा मोठा झाला. त्यांच्या गॅलरीत सकाळ-संध्याकाळ कुणी ना कुणी बसलेलं असायचं. कुणाचा मुलगा दुबईला निघालेला, कुणाची आई सुनेच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला. सर खुर्चीत पुढे सरकून सुरू व्हायचे.

"विमानतळावर पैसे बदलून घ्यायचे नाहीत, तिथे लुटतात. बाहेर कार्डाचं मशीन विचारेल, रुपयांत कापू की इथल्या पैशांत? रुपये दिसले म्हणून हुरळून जायचं नाही. त्यांच्याच पैशांत म्हणायचं. पाण्याची बाटली रिकामी घेऊन जायची, तपासणीच्या पलीकडे नळावर भरायची. जड बूट बॅगेत नाही, पायात. खोली गावाच्या मध्यावर घेऊ नका, बसथांब्याजवळ घ्या. आणि हॉटेलचं कार्ड खिशात ठेवायचं, त्यांच्या लिपीतलं. हरवलात तर तोंड उघडायचंच नाही, कार्ड दाखवायचं."

लोक माना डोलवायचे. चहा आतून मालतीबाई आणायच्या. एकदा पापडवाल्या कृष्णाबाईंनी विचारलं, "सर, लंडनला सोडे न्यावेत का हो, लेकीसाठी?" तेव्हा सर नियमांत शिरायच्या आधीच मालतीबाई कपबशी ठेवता ठेवता म्हणाल्या, "सोडे नकोत, सुकी कोळंबी तपासणीत पकडतात. पापड न्या, पण बॅगेच्या मधोमध, कपड्यांत गुंडाळून." सरांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांची सगळी विद्या स्वयंपाकघरात झिरपली आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मालतीबाईंचा पहिला पासपोर्ट कपाटात पडून पडून मुदत संपून गेला. आत एक शिक्का नाही. सिंगापूरच्या वेळी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. बालीच्या वेळी इशिताची, त्यांच्या लेकीची, शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. दोन्ही वेळा सर म्हणाले, "दोघांनी कशाला अडकायचं? मी बघून येतो. तू पुढच्या वेळी." आणि दोन्ही वेळा मालतीबाई, "बरं," म्हणाल्या. दुसरा पासपोर्ट काढला तोही आता अर्ध्यावर आला होता. बासष्टाव्या वर्षी 'पुढची वेळ' हे शब्द ऐकले की त्या पासपोर्ट काढून मुदतीची तारीख बघायच्या. त्यांना जायचं होतं. कसं सांगावं, इतकं जायचं होतं की लाज वाटावी.

म्हणून तारखेचं त्या सरांना लगेच बोलल्याच नाहीत. बोललं की जाणं रद्द, हे त्यांना माहीत होतं. गणपती आले, गेले. आरतीला उभं राहावं आणि मनात हनोईच्या रस्त्यावरच्या स्कूटर सुरू व्हाव्यात. बॅग भरावी, रद्दीवाल्याकडून आणलेल्या काट्याला लटकवून वजन बघावं, सात किलोच्या वर गेलं की शाल काढावी, मग थंडी वाजली तर काय म्हणून शाल परत घालावी आणि जाडा कुर्ता काढावा. जेवताना उठावं, झोपताना उठावं. सर म्हणाले, "तुला काय मुंग्या चावतायत का?"

शेवटी घटस्थापनेच्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं. सरांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला.

"अगं, मग आधी बोलायचं नाही?"

"तुम्ही आधी विचारायचं नाही?"

 सर फोनला जाऊन भिडले. पलीकडून बराच वेळ संगीत ऐकू आलं, मग एका मुलीचा गोड आवाज. सेलचं तिकीट रद्द होत नाही. तारीख बदलायची तर नव्या तिकिटाहून महाग पडेल. नाव तर बदलतच नाही. हे सगळे नियम सरच लोकांना गॅलरीत बसून समजावून सांगायचे, फक्त स्वतःवर कधी वेळ आली नव्हती.

"दाजींना विचारून येते," असं म्हणून दुसऱ्या दिवशी मालतीबाई एसटीत बसल्या. विचारून येते म्हणाल्या खऱ्या, पण काय विचारायचं होतं? जाऊ का, असं? बासष्ट वर्षांच्या बाईने? वडखळच्या नाक्यावर गाडी अडकली ती हलेना. अलिबागकडे वळणाऱ्या गाड्यांनी रस्ता आडवा धरला होता. मालतीबाई खिडकीतून डोकं बाहेर काढून बघायच्या, परत आत घ्यायच्या, पर्स या मांडीवरून त्या मांडीवर. शेजारचा माणूस वैतागून उठून मागच्या सीटवर गेला. गडब आलं, दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. दाजी नको म्हणाले तर? नाही म्हणाले तर राहायचं, आणि मग हनोईचं नाव काढायचं नाही. हो म्हणाले तर जायचं, आणि दार बंद बघून पालखी पुढे गेली हे जन्मभर मनात ठेवायचं. नागोठणं मागे पडलं तरी यातलं कमी वाईट कुठलं ते ठरेना.

दाजी पडवीत आरामखुर्चीत होते. नदीपलीकडच्या वाडीवरची गंगी त्यांच्याकडे सकाळच्या कामाला यायची, ती अंगण झाडत होती.

"आलीस? आज कशी काय?" दाजी म्हणाले.

मालतीबाईंनी एका दमात सांगून टाकलं. तिकीट, तारीख, सेल, सगळं. गंगीचा झाडू थांबला.

"काय गो ताय, ईमानान जातंस?" तिने डोळे मोठे केले. "पर पालखीच्या दिशी?"

"गंगे, त्या दिवशी तू थांबशील का गं दाजींजवळ?"

"नाय गो. त्या दिशी मी नाय येवाची. आमची सगली वाडी पालखीबरोबर नाचत फिरते. माजा पोरगा मारुती तं खालूबाजाच्या ढोलाफुडंच असतो." आणि तिने यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही अशा थाटात झाडू परत चालू केला.

 दाजी म्हणाले, "मालू, देवघरातलं ताम्हन आण बघू. निरांजन ठेव त्यात." त्यांनी दोन्ही हातांनी ताम्हन धरलं आणि छातीपर्यंत उचललं. मनगटं थरथरायला लागली. निरांजन एका बाजूने घसरत दुसऱ्या बाजूला गेलं, कुंकवाची कोयरी कलंडली आणि सगळं कुंकू धोतरावर सांडलं. मालतीबाईंनी धावत जाऊन ताम्हन धरलं.

"जमेल," दाजी म्हणाले. "जरा सराव केला की जमेल. तू जा."

तू जा म्हणाले, पण तोंडाने. मालतीबाईंना रडू फुटलं. कुंकवाने लाल झालेलं धोतर झटकता झटकता त्या मनातल्या मनात हनोईला निरोप देऊन मोकळ्या झाल्या. नाही जमायचं. आपल्या कपाळी नाहीच ते. राहू दे.

दुपारच्या गाडीने सर येऊन थडकले. कपाळावर घाम, पण चेहरा खुललेला. पडवीची पायरी चढता चढताच म्हणाले, "तोडगा निघाला!"

मालतीबाई ताडकन उठल्या. "तारीख बदलून मिळाली?"

"छे! पण मी सगळा हिशेब मांडला. दोन्ही तिकिटं बुडवण्यापेक्षा एक बुडवलेलं परवडतं. खोलीचं भाडं तेवढंच, एक माणूस असो की दोन. तू थांब दाजींजवळ, तुझी पालखी चुकायची नाही. मी जाऊन येतो. सगळ्याचे व्हिडिओ काढतो, बारीकसारीक. आणि तू पुढच्या वेळी. फेब्रुवारीत परत सेल लागतो."

त्यांनी दाजींकडे आणि मालतीबाईंकडे आळीपाळीने पाहिलं. शाब्बासकीची वाट बघत होते बापडे. आणि खरं सांगायचं तर हिशेबात काही चूक नव्हतीच. विष्णु कर्णिकांच्या हिशेबात चूक कधीच नसायची, फक्त दर वेळी वजा व्हायच्या त्या मालतीबाई.

एवढा वेळ मालतीबाईंच्या आत जे नुसतं येरझारा घालत होतं, ते एकदम जागच्या जागी थांबलं. एका मिनिटापूर्वी त्या स्वतःच न जायचं ठरवून बसल्या होत्या. पण स्वतः न जाणं वेगळं, आणि कुणीतरी आपल्याला मागे ठेवून विमानाने जाणं वेगळं. त्यांना संताप आला. असा संताप त्यांना पूर्वी कधी आलाच नव्हता असं नाही; पण तो दर वेळी चहाच्या आधणात विरून जायचा. आज जवळपास चहा नव्हता.

"मी जाते," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"हनोईला. तुम्ही थांबा इथे."

सर हसले. मग हसायचे थांबले. "एकटी?"

"एक तिकीट बुडवलेलं परवडतं ना? मग तुमचं बुडवा. तारीख कुणी काढली? तुम्ही. मग पालखीला दारात उभं राहायचं तेही तुम्ही. जावई म्हणजे घरचंच माणूस की."

"अगं, पण पालखीला मी... मला त्यातलं काय कळतं?"

"विष्णुराव," दाजी खुर्चीतून म्हणाले, "निरांजन धरता येतं ना? हात तर थरथरत नाहीत तुमचे."

"तसं नाही हो दाजी. तिला जमणार आहे का ते? अगं, तुला धड इंग्रजी बोलता येत नाही. बालवाडीत इंग्रजी बडबडगीतं शिकवली म्हणजे काय..."

"तिकडे तरी कुणाला येतंय? हॉटेलचं कार्ड दाखवायचं, तोंड उघडायचं नाही. तुम्हीच सांगता."

"आणि विमानतळावरून खोलीवर? टॅक्सीवाले फसवतात."

"बसने जाईन. थांब्याच्या समोरच खोली आहे."

"पाय सुजतील तुझे."

"बूट सैल बांधेन, तासातासाला उठून फिरेन. बसवत नाहीच मला."

गंगी पदर तोंडाला लावून हसत होती. सर आणखी काहीतरी शोधत होते, पण त्यांच्याजवळ होतं नव्हतं ते सगळं इतक्या वर्षांत मालतीबाईंनी आधीच ऐकून घेतलेलं होतं. शेवटी ते पायरीवर बसले आणि अगदी वेगळ्या, लहान आवाजात म्हणाले, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना.  पण आता मला जायचंय, आणि राहिले तर मी तुमच्याशी धड बोलायची नाही. खरंच नाही बोलायची."

 दाजींनी मान डोलावली.  लेकीने पालखीला असावं हे त्यांनाही हवंच होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "मला चुकल्यासारखं वाटेल, मालू," ते म्हणाले. "पण जा. तुझ्या आईला चारधामला न्यायचं न्यायचं म्हणत मी तिला नाशिकच्या पुढे नेलं नाही."

पुढचे दिवस दोघांचीही झोप उडाली. मालतीबाई बॅग भरत होत्या आणि सर पालखीचं शिकत होते. नारळ कुठला, तांदूळ किती, ओवाळायचं उजवीकडून की डावीकडून, पालखी पहाटेपर्यंत आलीच नाही तर झोपायचं की नाही. "झोपायचं नाही," मालतीबाई म्हणाल्या. "आणि पालखी गल्लीच्या तोंडाशी आली की दाजींना उभं करायचं, आधी नाही. त्यांना उभं राहवत नाही, पण बसूनही राहवणार नाही." सरांनी सगळं दोनदा म्हणून दाखवलं. इशिताने ठाण्याहून फोन करून, "आई, मी सोडते तुला विमानतळावर," म्हणून सांगितलं.

दसऱ्याला मालतीबाई रोह्यालाच होत्या. दाजींना सोनं दिलं, पाया पडल्या. दाजींनी दरवर्षीचा प्रश्न या वेळी विचारला नाही. नुसता लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

दुपारी सर त्यांना स्टँडवर सोडायला आले. ठाण्याची गाडी लागलेली होती. झेंडूच्या माळा घातलेली, पुढे नारळ फोडलेला. सरांनी बॅग आत चढवली, खिडकीजवळची जागा धरली, बॅग वर ठेवली, परत काढून पायाशी ठेवली. मग खाली उतरून खिडकीखाली येऊन उभे राहिले.

"पासपोर्ट?"

"आहे."

"त्याचा फोटो?"

"इशितालाही पाठवलाय."

"हं." त्यांनी खिडकीचा गज धरला, सोडला, परत धरला. आपण मागे राहतोय आणि गाडी जाणार आहे, हा अनुभव त्यांच्या हिशेबात कधी आलाच नव्हता. ते म्हणाले, "असं सोडायला येणं म्हणजे फार... कसंतरीच होतं गं. मी सिंगापूरला गेलो, बालीला गेलो, तेव्हा तूही पेणच्या स्टँडवर अशीच उभी राहिली असशील."

मालतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता राहिलेला. पण खोटंही बोलवेना.

"नाही हो. मी घरीच होते. तुम्हीच म्हणाला होतात, परत येताना एकटीसाठी रिक्षाचं भाडं कशाला."

 कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी मागे सरकून वळायला लागली. सर गजाला हात लावून चार पावलं बरोबर चालले, मग हात सुटला. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा मालतीबाईंनी वाकून मागे पाहिलं. घरी जायची रिक्षा समोर उभी होती, रिक्षावाला हाका मारत होता, आणि विष्णु कर्णिक हलायला तयार नव्हते. मालतीबाईंनी खिडकीतून हात काढला आणि ते दिसेनासे होईपर्यंत हलवत राहिल्या.